पासवर्ड काढला की लॅपटॉपला वायफाय लागतं, लावला की नाही. राउटरची सिक्युरिटी काय ठेवू?

निळीशाई (शनिवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण सगळं एकदाच सांगितलेलं बरं.

आम्ही कर्वेनगरला राहतो. सोसायटीत नवीन फायबर आलं म्हणून जुनं केबलचं नेट बंद करून ते घेतलं, त्यांनी एक पांढरा डबा दिलाय, त्यातच फायबरची वायर जाते आणि त्यातच वायफाय. घरातले मोबाईल, टीव्ही, माझा ऑफिसचा लॅपटॉप सगळं पहिल्याच दिवशी लागलं. अडलाय तो फक्त बाबांचा लॅपटॉप. २०१३ च्या आसपासचा आहे, आधी विंडोज ७ होतं, नंतर १० टाकलं, रॅम वाढवली, एसएसडी बसवली, आणि खरंच छान चालतो. बाबांचा हात बसलाय त्याच्यावर. बँक, पेन्शन, लाईटबिल, प्रॉपर्टी टॅक्स सगळं ते त्याच्यावरच करतात, मोबाईलवर बँकेचं काही करायचं नाही हा त्यांचा नियम आहे आणि मला तो पटतो.

तर होतं असं की लॅपटॉपला नेटवर्कचं नाव दिसतं, काड्या पण फुल्ल, पासवर्ड विचारतो, टाकला की जरा वेळ गोल फिरतं आणि मग "कान्ट कनेक्ट टु धिस नेटवर्क". पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, ते डोळ्याचं चित्र दाबून अक्षर न् अक्षर तपासलंय. माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालू केला की तोच लॅपटॉप पासवर्ड टाकून लगेच जोडला जातो.

कंपनीकडे तक्रार केली, एक मुलगा आला, त्याने राउटरच्या पानावर जाऊन सिक्युरिटीचं "नन" केलं, लॅपटॉप लागला, म्हणाला झालं काम, आता असंच राहू द्या, चौथ्या मजल्यावर तुमचं नेट चोरायला कोण येतंय. अहो पण आमच्या वरच्या मजल्यावर पीजी आहे, समोरच्या बिल्डिंगमधे पीजी आहे, खाली चहाच्या टपरीवर रात्री उशिरापर्यंत पोरं उभी असतात, आणि नेटवर्कचं नाव म्हणून त्याने बाबांचं आडनाव टाकून ठेवलंय. मला हे अजिबात मान्य नाही.

मी नंतर त्याच पानावर जाऊन यादी बघितली. नन, वेप, डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ आणि नुसतं डब्ल्यूपीए३ असे वायफायच्या सुरक्षेचे, जुन्यापासून नव्यापर्यंतचे पर्याय आहेत. त्याने काढायच्या आधी डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ होतं. वेप जुन्या लॅपटॉपसाठीच असतं असं तो जाता जाता म्हणाला. मग वेप लावून ठेवू का? लॅपटॉपचंच काही बिघडलंय का? आणि हे असं उघडं किती दिवस ठेवलं तर चालेल? घरी असते ती संध्याकाळीच, हिंजवडीहून यायलाच आठ वाजतात, त्यामुळे उत्तर द्यायला थोडा उशीर होईल.

सहजच_पुणेकर (शनिवार, रात्री १०.०५)

ताई, आधी ते ओपन ठेवू नका. नक्की काय झालंय ते कळेपर्यंत दोन गोष्टी करा, एक म्हणजे नेटवर्कचं नाव लपवून टाका, "हाइड एसएसआयडी" म्हणून टिक असते, आणि दुसरं मॅक फिल्टर (प्रत्येक यंत्राचा ओळख-नंबर, म्हणजे मॅक, तपासणारी यादी) लावून फक्त घरातल्याच मोबाईल-लॅपटॉपना परवानगी द्या. मग पासवर्ड नसला तरी बाहेरचं कोणी येणार नाही. आणि लॅपटॉपची तारीख बघा, जुन्या मशीनमधला तो छोटा गोल सेल संपला की तारीख मागे जाते आणि मग काहीच धड लागत नाही.

ताम्हिणी (शनिवार, रात्री १०.३०)

उघडं एक रात्र पण ठेवू नका हो. नेट चोरलं जाईल ही त्यातली सगळ्यात छोटी गोष्ट आहे. २००८ साली अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी जो मेल गेला होता तो नवी मुंबईतल्या एका घराच्या वायफायवरून गेला होता. पोलीस आयपी पत्त्यावरून थेट त्या घरी पोचले आणि तिथे राहणाऱ्या परदेशी माणसामागे चौकशीचा ससेमिरा लागला, आणि मेल तर दुसऱ्याच कोणीतरी त्याचं वायफाय वापरून पाठवला होता. त्यानंतर २००९ मधे दूरसंचार विभागाने नेट कंपन्यांना ग्राहकांचं वायफाय सुरक्षित करून द्या म्हणून सूचना काढल्या, आणि इतक्या वर्षांनी कंपनीचाच माणूस घरी येऊन पासवर्ड काढून जातो याचा खरंच राग येतो. कनेक्शन बाबांच्या नावावर असणार, म्हणजे कोणी काही उद्योग केले तर पहिला फोन त्यांना. या वयात कशाला तो ताप.

पॅकेटवाला (शनिवार, रात्री ११.१५)

निळीशाई, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात कामाची ओळ हॉटस्पॉटची आहे. मोबाईलचा हॉटस्पॉट बहुतेक वेळा डब्ल्यूपीए२ वर असतो, हॉटस्पॉटच्या सेटिंगमधे एकदा बघून खात्री करा. तसं असेल तर लॅपटॉपच्या वायफाय कार्डाला डब्ल्यूपीए२ व्यवस्थित येतं, पासवर्डची देवाणघेवाण जमते, कार्ड बिघडलेलं नाही. अडतंय ते राउटरच्या मिक्स्ड मोडवर.

मिक्स्डमधे राउटर एकाच नावाखाली सांगत असतो की माझ्याशी डब्ल्यूपीए२ ने बोला किंवा डब्ल्यूपीए३ ने बोला, शिवाय पीएमएफ पण येत असेल तर वापरा. पीएमएफ म्हणजे प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स, जोडणं-तोडणं याचे जे निरोप हवेतून जातात त्यांनाही संरक्षण. डब्ल्यूपीए३ ला ते सक्तीचं आहे, मिक्स्डमधे ऐच्छिक. कागदावर जुन्या मशीनने यातलं डब्ल्यूपीए२ उचलून बाकीच्याकडे दुर्लक्ष करायला पाहिजे. पण डब्ल्यूपीए३ आलं २०१८ मधे आणि तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, असेल २०१३-१४ चा, त्याने हे पर्याय कधी पाहिलेलेच नाहीत, आणि त्यातले काही ड्रायव्हर ती यादी बघूनच अडखळतात आणि जोडणी अर्धवट सोडून देतात. विंडोज मग सगळ्यालाच "कान्ट कनेक्ट" म्हणतं, कारण सांगत नाही.

आता वेप. कृपा करून नको. ते १९९७ चं आहे आणि २००१ मधेच त्यातली चूक उघड झाली, आज फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने आणि साध्या लॅपटॉपने ते काही मिनिटांत उघडतं. आणि पासवर्ड लावलाय म्हणून घरचे निर्धास्त राहतात ते वेगळंच. तुमचा लॅपटॉप वेपच्या काळातला नाहीच मुळी. २००६ पासून वायफायचं सर्टिफिकेट मिळवायचं तर डब्ल्यूपीए२ सक्तीचं आहे, म्हणजे २०१३ च्या मशीनला वेप लागतं हे त्या मुलाचं म्हणणं चूक आहे.

आज रात्रीच करायचं ते एवढंच की राउटर परत डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ वर टाका, पासवर्ड लावा, आणि बाबांच्या लॅपटॉपला राउटरच्या मागून लॅन वायर जोडा. २०१३ च्या लॅपटॉपला लॅनचं भोक बहुतेक असेलच. बाबांचं बँकेचं कामही थांबत नाही आणि घरही उघडं राहत नाही, मग सावकाश बसून बाकीचं करता येईल. राउटरची वायफाय सेटिंग बदलताना तसंही वायरनेच जोडलेलं बरं, नाहीतर सेव्ह दाबल्या दाबल्या आपणच बाहेर फेकले जातो.

नंतर लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत "नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स" टाका. तीन गोष्टी इथे लिहा, ड्रायव्हरची तारीख, "रेडिओ टाइप्स सपोर्टेड" समोर काय आहे आणि "८०२.११डब्ल्यू मॅनेजमेंट फ्रेम प्रोटेक्शन सपोर्टेड" समोर येस आहे की नो.

बरं ती तारखेची गोष्ट. घरगुती वायफायच्या पासवर्डात तारीख कुठेच तपासली जात नाही. तारीख चुकली तर वायफाय लागेल पण बँकेची साईट उघडताना सर्टिफिकेटची एरर येईल, ते दुखणं वेगळं. नाव लपवण्याबद्दल आणि मॅक फिल्टरबद्दल उद्या लिहितो, मला ते दोन्ही पटत नाही.

निळीशाई (रविवार, सकाळी ११.२०)

खूप आभार. रात्रीच मिक्स्ड परत लावलं आणि वायर जोडली, बाबांना काही फरकच पडला नाही, उलट नेट फास्ट झालं म्हणतायत. टेबल मात्र हॉलच्या पलीकडे आहे त्यामुळे वायर दारातून आडवी जाते आणि आई दोनदा अडखळली, म्हणून कायमचं तसं नाही ठेवता येणार.

हॉटस्पॉट बघितला, डब्ल्यूपीए२ पर्सनलच आहे. कमांडमधे ड्रायव्हरची तारीख २०१३ ची, रेडिओ टाइप्समधे ८०२.११बी, जी आणि एन, आणि त्या मॅनेजमेंट फ्रेमसमोर "नो".

लॅपटॉपपुरतंच डब्ल्यूपीए२ ठेवावं म्हटलं तर आता अडचण अशी की राउटरमधे वायफायचे दोन बँड, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, वेगळे दिसतच नाहीत. एकच नाव, एकच पासवर्ड, एकच सिक्युरिटीचा रकाना. सगळंच डब्ल्यूपीए२ करून टाकू का? मोबाईलचं डब्ल्यूपीए३ जाईल ना मग?

तारजोडे (रविवार, दुपारी १२.१०)

मी आधी केबल आणि मग फायबरच्या लाईनवर बरीच वर्षं काम केलंय, धायरी ते वारजे हाच पट्टा, आता दुसरं काम करतो, म्हणून आतलं सांगतो.

ताई, "स्मार्ट कनेक्ट" किंवा "बँड स्टीअरिंग" नावाचं बटण शोधा, वायफायच्या बेसिक पानावर नाहीतर अ‍ॅडव्हान्स्डमधे असतं. ते चालू असलं की राउटर दोन्ही बँड एकाच नावाखाली ठेवतो आणि सिक्युरिटी पण दोघांना एकच लागते. ते बंद केलं की २.४ आणि ५ चे वेगळे रकाने दिसायला लागतील. नावं पण वेगळी द्या, म्हणजे बाबांच्या लॅपटॉपला कुठलं घ्यायचं हा प्रश्नच उरत नाही, त्याला तसंही ५ दिसत नाही. आणि नावात आडनाव, फ्लॅट नंबर काही नको.

कधी कधी ते बटण दिसतच नाही, कारण डब्याच्या स्टिकरवर जो युजर असतो तो साधा युजर असतो, सगळे पर्याय कंपनीच्या वरच्या लॉगिनला दिसतात. मग परत तक्रार टाकायची, पण "वायफाय लागत नाही" अशी टाकायची नाही. तशी टाकली की जो येतो त्याच्याकडे दिवसभराची यादी असते, प्रत्येक घरी गाडी लावून जिना चढून लवकरात लवकर तक्रार बंद करायची असते, आणि सिक्युरिटी काढली की सगळंच लागतं म्हणून तो ती काढतो. त्याला कोणी शिकवलेलंच नसतं. तुम्ही फोनवरच सांगा की बँड स्टीअरिंग बंद करा, २.४ वर डब्ल्यूपीए२ पर्सनल एईएस (एईएस म्हणजे माहिती गुप्त करायची पद्धत) करा, ५ आहे तसंच ठेवा. बहुतेकदा ते तिकडे बसूनच करून देतात, घरी माणूस लागत नाही.

अजून एक, पासवर्ड तुमचा मोबाईल नंबर आहे का बघा. लाईन जोडताना आम्ही सर्रास तोच टाकायचो, ग्राहकाच्या लक्षात राहतो म्हणून. आणि राउटरच्या पानाचा पासवर्ड, म्हणजे १९२.१६८.१.१ उघडल्यावर जो विचारतो तो, स्टिकरवरचाच असेल तर तो पण बदला. एकाच मॉडेलच्या हजारो डब्यांना तोच असू शकतो.

पॅकेटवाला (रविवार, दुपारी ३.००)

तारजोडे, दादा, अगदी नेमकं सांगितलंत.

निळीशाई, तुमच्या कार्डाचं उत्तर मिळालं. वायफायची एन पिढी आहे पण त्यानंतरची एसी नाही, पीएमएफ नाही, ड्रायव्हर २०१३ चा. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवर त्याच मॉडेलसाठी नवा ड्रायव्हर आहे का बघा, नसला तर कार्ड ज्या कंपनीचं आहे तिच्या साईटवर. मिळाला तर आधी तो टाका. नाही मिळाला तर तारजोडे म्हणतात तसंच, २.४ ला डब्ल्यूपीए२ आणि सायफरमधे (गुप्त करायच्या पद्धतीत) फक्त एईएस, पीएमएफचा पर्याय दिसला तर तो २.४ साठी बंद. ५ वर डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ राहू द्या, मोबाईल तिकडे जातील.

डब्ल्यूपीए२ म्हणजे काही कमी प्रतीचं घेतोय असं मनात आणू नका. २०१७ मधे त्यात क्रॅक नावाची एक त्रुटी सापडली होती पण ती विंडोज आणि मोबाईलच्या अपडेटमधून बुजवली गेली. डब्ल्यूपीए२ एईएसची खरी ताकद पासवर्डात असते. कोणीतरी लॅपटॉप जोडला जातानाचा संवाद हवेतून पकडून ठेवतो आणि मग घरी बसून एकेक पासवर्ड लावून बघतो, त्याला तुमच्या राउटरजवळ परत यावंही लागत नाही. मोबाईल नंबर असेल तर आपल्याकडे तो ६, ७, ८, ९ नेच सुरू होतो, म्हणजे ४०० कोटी शक्यता. ऐकायला खूप वाटतात पण चांगल्या ग्राफिक्स कार्डाला ते काही तासांचं काम आहे. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा, मधे एखादा आकडा. ८ ते ६३ अक्षरं चालतात, वीसच्या पुढे ठेवा. बाबांना पाठ होईल आणि पाहुण्यांना तोंडी सांगता येईल असा. डब्ल्यूपीए३ मधे हे घरी बसून अंदाज लावणं जमत नाही, दोघांमधला खरा फरक तिथे आहे.

आता कालचं राहिलेलं. नाव लपवलं तरी वायफाय चालूच असतं, साधं स्कॅनर लावलं की दिसतं. उलट लॅपटॉपला ते नेटवर्क सापडत नाही म्हणून तो जाईल तिथे, बँकेत, दवाखान्यात, स्टेशनवर, त्या नावाने हाका मारत राहतो, म्हणजे घरच्या नेटवर्कचं नाव गावभर. मॅक फिल्टरचं पण तेच, मॅक पत्ता एन्क्रिप्शन असलं तरी हवेत उघडाच जातो, बघायचा आणि आपल्या लॅपटॉपला तोच लावायचा, एवढंच. शिवाय हल्लीचे मोबाईल दर नेटवर्कला वेगळा, बनावट मॅक वापरतात, त्यामुळे घरचीच माणसं अडकतात आणि पुढच्या वेळी पाहुणा आला की कोणीतरी वैतागून फिल्टर काढून टाकतं. या दोन्हीने पासवर्डाची जागा भरून निघत नाही.

वानवडीकर (रविवार, संध्याकाळी ६.४५)

माझाही प्रश्न यातच विचारतो, धागा पळवायचा हेतू नाही. माझा पण जुना लॅपटॉप, पण तो जोडला जातो आणि बरोबर तासाने तुटतो. मुलीचा ऑनलाइन क्लास असतो, दर तासाला मधेच जाते ती बाहेर. रिस्टार्ट केलं की परत तासभर. मी डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए२ "टीकेआयपी+एईएस" ठेवलंय, कारण दुकानदार म्हणाला की ते सगळ्यांना चालतं. निळीशाई, तुम्ही पण तेच करून बघा, जोडलं तरी जाईल.

पॅकेटवाला (रविवार, रात्री ८.३०)

वानवडीकर, "बरोबर तासाने" हा फार चांगला धागा दिलात. सिग्नल कमी असता तर कधीही तुटलं असतं. राउटर ठराविक वेळाने सगळ्यांसाठीची एक किल्ली बदलतो, सेटिंगमधे तिला "ग्रुप की रिन्यूअल" किंवा "अपडेट इंटरव्हल" असं काहीतरी म्हणतात, आणि पुष्कळ राउटरमधे ती ३६०० सेकंदांवर असते, म्हणजे एक तास. किल्ली बदलताना प्रत्येक मशीनने हो मिळाली असं कळवायचं असतं, जुना ड्रायव्हर तिथे चुकतो आणि राउटर त्याला बाहेर काढतो. टीकेआयपी, म्हणजे एईएसच्या आधीची जुनी गुप्त करायची पद्धत, चालू असलं की हा त्रास जास्त होतो, कारण टीकेआयपी+एईएस अशा मिक्स्डमधे सगळ्यांसाठीची ती किल्ली टीकेआयपीचीच ठेवावी लागते. आधी फक्त डब्ल्यूपीए२ एईएस करून एक दिवस बघा. तरी तुटलं तर तो इंटरव्हल वाढवून ८६४०० करा, म्हणजे दिवसातून एकदा.

आणि टीकेआयपी निळीशाईंना सुचवू नका, प्लीज. २००३ मधे वेपवर तात्पुरता उपाय म्हणून ते आलं होतं, २०१२ च्या स्टँडर्डमधे त्याला बाद ठरवलं. अजून एक नुकसान लोकांच्या लक्षात येत नाही, टीकेआयपीवर जोडलेल्या मशीनला एनचा वेग मिळतच नाही, ते ५४ एमबीपीएसवर अडकतं, आणि त्यातलं प्रत्यक्ष हातात त्याच्या निम्मंही येत नाही. शंभरचा प्लॅन घेऊन वीस मिळतात म्हणून कंपनीशी भांडणाऱ्या कितीतरी घरांत हेच निघतं.

निळीशाई (मंगळवार, रात्री ९.१५)

झालं!! काल रात्री बसले होते.

स्मार्ट कनेक्ट अ‍ॅडव्हान्स्डमधे सापडलं, बंद केलं, दोन वेगळी नावं आली. ड्रायव्हर लॅपटॉपच्या साईटवर नव्हता, शेवटचा विंडोज ८ चाच होता. मग २.४ ला डब्ल्यूपीए२ एईएस केलं, पण तरी आधी लागलं नाही, तेच "कान्ट कनेक्ट". मग लक्षात आलं की मी २.४ ला जुनंच नाव ठेवलंय आणि लॅपटॉपमधे त्या नावाची जुनी नोंद आहे. विंडोजच्या "मॅनेज नोन नेटवर्क्स" मधे जाऊन त्यावर "फरगेट" दाबलं, शिवाय आडनाव काढून नवीन नाव दिलं, आणि पहिल्या झटक्यात जोडलं गेलं. आज दिवसभर बाबा वापरतायत, एकदाही तुटलं नाही, आणि दारातली वायर गेली म्हणून आई सगळ्यात खूष.

तारजोडे दादा, पासवर्ड मोबाईल नंबरच होता, माझा. बदलला. पानाचा पण बदलला.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाहीये. राउटरच्या पानावर "कनेक्टेड डिव्हाइसेस" च्या यादीत जुनी नोंद पण दिसते, त्यात आमचे नसलेले चार मोबाईल आहेत, दोन त्याच संध्याकाळचे जेव्हा ते उघडं होतं. ते आता जोडलेले नाहीत. पण त्या वेळात बाबांनी बँकेचं पान उघडलं होतं. काही झालं असेल का? कसं बघायचं?

पॅकेटवाला (मंगळवार, रात्री १०.००)

छान झालं. त्या चार मोबाईलबद्दल घाबरू नका पण तपासून मात्र घ्या.

बँकेच्या साईटवर ब्राउझर आणि बँक यांच्यातलं बोलणं वेगळं एन्क्रिप्ट असतं, वायफाय उघडं असलं तरी. बाबांनी पत्ता नीट टाकला असेल आणि कुठल्याही लाल इशाऱ्यावर "तरीही पुढे जा" केलं नसेल, तर पासवर्ड हवेतून कोणी वाचलेला नाही. हे त्यांना एकदा नीट विचारा, इशारा आला होता का. आला असेल आणि पुढे गेले असतील तर आजच पासवर्ड बदला.

धोका असतो तो राउटरमधे कोणी शिरलं असेल तर. तेव्हा पानाचा पासवर्ड स्टिकरवरचा होता, म्हणून वॅन किंवा इंटरनेटच्या पानावर डीएनएसचे, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचे, आकडे बघा. "ऑटोमॅटिक" असेल किंवा कंपनीने दिलेलेच असतील तर ठीक. अनोळखी आकडे कोणी हाताने टाकलेले दिसले तर ते चांगलं नाही, कारण मग बँकेचं नाव टाकल्यावर भलत्याच जागी नेता येतं. तसंच डीएचसीपीच्या (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या) पानावर पण डीएनएसचा रकाना असतो, तोही बघा. पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून घरातल्या यंत्रापर्यंत वाट उघडणाऱ्या) यादीत तुम्ही न केलेली ओळ नको, आणि रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरून राउटर हाताळणं, चालू असेल तर ते कंपनीचं आहे का हे त्यांना विचारून घ्या, फायबरवाले त्यांच्या बाजूने डबा सांभाळतात त्यामुळे त्यांचं एक असू शकतं.

अजून दोन कामं. लॅपटॉपमधे आणि सगळ्या मोबाईलमधे ते पासवर्ड नसलेलं जुनं नेटवर्क अजून सेव्ह असेल तर प्रत्येकातून "फरगेट" करा. नाहीतर कोणी त्याच नावाचं उघडं वायफाय चालू केलं की ती मशीन्स आपोआप त्याला जाऊन चिकटतील. आणि राउटरमधे डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा, निदान त्याचं पिनवालं तरी. आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासली जाते, शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, त्यामुळे १० कोटी शक्यतांच्या जागी ११ हजारच उरतात, २०११ पासून हे जगजाहीर आहे. वीस अक्षरांचा पासवर्ड लावून ही पिन चालू ठेवली तर त्या पासवर्डाला काही अर्थ नाही.

तारजोडे (मंगळवार, रात्री १०.२५)

यात एक भर. गुरुवारी लाईट जाते-येते तेव्हा काही डबे कंपनीकडून सेटिंग परत ओढून घेतात आणि तुम्ही बदललेलं जुन्यावर जातं. सगळेच नाही करत. पण परवा लाईट येऊन गेल्यावर एकदा १९२.१६८.१.१ उघडून २.४ वर डब्ल्यूपीए२ एईएसच आहे ना बघा. गेलं असेल तर कंपनीला सांगून त्यांच्या बाजूलाच ते बदलून घ्यायचं.

वानवडीकर (बुधवार, सकाळी ८.१०)

एईएस केलं, कालचा अख्खा दिवस नाही तुटलं. इंटरव्हलला हात लावावा लागला नाही. वेग पण वाढला. मुलगी आणि मी दोघेही आभारी आहोत.

निळीशाई (शुक्रवार, रात्री ९.५०)

डीएनएस ऑटोमॅटिकच आहे, पोर्ट फॉरवर्डिंग रिकामं, डब्ल्यूपीएस बंद केलं. बाबांना कुठलाही इशारा आला नव्हता, तरी पासवर्ड बदलून घेतला. काल दोन तास लाईट नव्हती, आल्यावर बघितलं, सेटिंग तशीच आहे.

शेवटचा एक प्रश्न. विंडोज १० ची अपडेट बंद झाली ना? मग या लॅपटॉपवर बँक करू द्यावी का बाबांना? त्यात यूएसबीचं नवीन वायफाय लावलं तर काही उपयोग?

पॅकेटवाला (शुक्रवार, रात्री १०.४०)

हो, १४ ऑक्टोबर २०२५ ला नेहमीच्या अपडेट थांबल्या. त्यानंतर काही काळासाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवलीये, सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणी करायची लिंक दिसते का बघा, दिसली तर आजच करा. ती मुदत संपायच्या आत मात्र बँकेसाठी दुसरी सोय झाली पाहिजे. २०१३ च्या मशीनवर विंडोज ११ रीतसर बसत नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली तर याच हार्डवेअरवर अपडेट मिळत राहतील, आणि बाबांचं काम ब्राउझरमधलंच आहे त्यामुळे त्यांना जमेल असं वाटतं, पण आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून दाखवा, काही इन्स्टॉल न करता चालतं ते. आवडलं तरच पुढचं.

यूएसबी वायफायने ५ गिगाहर्ट्झ मिळेल आणि ड्रायव्हर नवा असेल तर डब्ल्यूपीए३ पण, विंडोज १० ला ते २०१९ च्या १९०३ आवृत्तीपासून येतं. अपडेटचा प्रश्न त्याने सुटत नाही. घ्यायचंच असेल तर तापकीर गल्लीत जाण्याआधी खोक्यावर डब्ल्यूपीए३ लिहिलंय का आणि लिनक्सवर चालतं का हे दोन्ही विचारा, लिनक्सवर न चालणारं घेतलं तर परत हाच धागा उघडावा लागेल.